बाई नको म्हणाल्या नाहीत

काशीने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या बाई. मनस्वीला काल पुतळाच्या ओटीत घातली. तुमच्यामुळं झालं सगळं."

नूरजहाँबाईंचा हात पुड्याकडे निघाला होता, तो अर्ध्यावरच थांबला.

"काय केलंस?"

"ओटीत घातली. पुतळा माझी नणंद, जासईला दिलेली. अकरा वर्षं झाली लग्नाला, पोर नाय. नारळ-गूळ दिला आन् पोर तिच्या मांडीवर ठेवली. आता तीच तिची आई." काशी हे सगळं एका सुरात बोलून गेली, दुधाचा रतीब बंद केल्याचं सांगावं तसं. "सासू खूश हाय. आमचे हे पन काय बोलले नाय."

बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. नूरजहाँ मुकादम या बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही असं नेरूळमध्ये कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. सव्वीस वर्षं शाळेत शिकवून ज्या बाईचा घसा बसला नाही, तिचा घसा त्या शनिवारी एका पेढ्याच्या पुड्यासमोर कोरडा पडला.

"माझ्यामुळं? अगं, मी कधी तुला म्हटलं असं कर म्हणून?"

"म्हनाला नाय," काशी म्हणाली. "पन नको पन म्हनाला नाय. मागल्या शनिवारी मी तुमाला सगळं सांगितलं, तुमी सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, एवढी शिकलेली बाई नको म्हनत नाय, म्हंजे बरोबरच असंल. आमच्यात जुनं मानूस गप बसलं म्हंजे त्याचा होकारच धरतात."

बोलता बोलता काशीचा पदर सरकला. तिचं पोलकं दोन्ही बाजूंनी ओलं झालं होतं. तिची धाकटी मनस्वी चौदा महिन्यांची, अजून अंगावर पीत होती.

"होतंय तसं अजून," काशी पदर ओढत म्हणाली. "मोगऱ्याची फुलं बांधलीत. आटंल म्हनते सासू." आणि ती उठली. आपल्या दोन थोरल्या मुलींना आणायला जायचं होतं तिला. बाई दाराकडे बघत राहिल्या.

आता थोडं मागे जायला हवं, नाहीतर बाईंवर उगाच आळ येईल. म्हणजे आळ येणारच आहे, पण निदान पुरता यावा!

नूरजहाँबाई म्हणजे फटकळपणाची शाळा. रखमाच्या बापाने तिला सातवीतून काढली, तेव्हा बाईंनी गावठाणात जाऊन भर गल्लीत त्याला असं झाडलं, की दुसऱ्या दिवशी पोरगी वेण्या घालून वर्गात हजर. कुणी कुठल्या कॉलेजात जावं, कुणी कुठल्या सोसायटीत फ्लॅट घ्यावा, कुणाचं स्थळ नाकारावं, सगळं बाई सांगणार. विचारलं तरी सांगणार, न विचारलं तरी सांगणार. लोक तोंडावर हो म्हणत, मागे हसत, आणि अडलं की पुन्हा त्यांच्याच दारात येत.

पण बाईंची स्वतःची मुलगी, नूरीन, लग्न होऊन पुण्याला गेली होती. ती एकदा फोनवर म्हणाली, "अम्मी, तू ऐकत नाहीस गं. तू निकाल देतेस." बाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. लोकांचं बोलणं झटकून टाकता येतं, पोटच्या पोरीचं येत नाही. म्हणून शहाण्णव साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी नेरूळमध्येच रविवारी भरणाऱ्या समुपदेशनाच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग घ्यायला मालतीबाई दादरहून यायच्या. साठीच्या, बारीक चणीच्या, हळू आवाजाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एक मानसशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे एक आई आपल्या वांड मुलाचं गाऱ्हाणं घेऊन यायची. हा शहाणा तिला आठवड्यामागून आठवडे समजावत होता, की बाई, चूक तुझी आहे, तूच पोराला दूर लोटतेस. तिला काही पटेना. शेवटी दोघांनी हात टेकले. बाई उठली, दारापर्यंत गेली, मागे वळली आणि म्हणाली, तुम्ही मोठ्या माणसांचं ऐकता का हो? ती परत येऊन बसली आणि आपल्या मोडक्या संसाराचं जे बोलायला लागली, ते त्या गृहस्थाने आधी कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी त्याला कळलं, की दुखतंय कुठं ते दुखणाऱ्यालाच ठाऊक असतं. मग त्याने उपदेश सोडला. पेशंट हा शब्दसुद्धा सोडला, क्लायंट म्हणायला लागला. आपण खरंच ऐकतो का, हे तपासायला तो बोलणं काळ्या तबकड्यांवर मुद्रित करून पुन्हा पुन्हा ऐकायचा. तेव्हा अशा बंद खोलीतलं बोलणं कुणी बाहेर काढत नसे.

ही गोष्ट ऐकून नूरजहाँबाईंचे डोळे भरून आले. तिथवर ठीक होतं. पण आपल्या बाई म्हणजे एकदा घेतलं की टोक गाठणार! सल्ला द्यायचा नाही, म्हणजे नाहीच. समोरचा बोलेल ते त्यालाच परत ऐकवायचं. घरी त्यांचे मिया, इसाकभाई, सकाळी मासळीची पिशवी घेऊन विचारते झाले, "आज मावरा कुठला आणू?"

"आज कुठलं मावरं आणावं, असा तुम्हाला प्रश्न पडलाय," बाई शांतपणे म्हणाल्या.

"प्रश्न मला नाय पडला गो. मी तुला विचारला!"

इसाकभाईंनी त्या दिवशी रागाने नुसती वांगी आणली.

हसण्यावारी गेलं ते. पण त्याच आठवड्यात शाळेने सरावासाठी दिलेल्या खोलीत काशी येऊन बसली. तिची थोरली मुलगी बाईंच्या शाळेत दुसरीत होती. टेप लावायला तिने हरकत घेतली नाही. पाऊण तास बोलली, निघून गेली. बाईंना वाटलं, वा, काय छान जमलं! तोंडातून एक सल्ला गेला नाही.

पेढ्यांच्या त्या शनिवारी घरी येऊन बाईंनी न जेवता टेपरेकॉर्डर पुढ्यात घेतला. वर्गासाठी शब्दन् शब्द वहीत उतरवायचा असे, म्हणून वही उघडली.

टेपवर काशी म्हणत होती, "सासू म्हनते, तिसरी पन पोरगीच. पुतळाला देऊन टाक."

बाईंचा आवाज, गुळासारखा गोड: "सासू तुला मुलगी देऊन टाकायला सांगते आहे."

"पुढल्या शुक्रवारी ओटीत घालायची म्हनते."

"पुढच्या शुक्रवारचं ठरतंय."

"आमचे हे आईसमोर बोलत नाय."

"नवरा आईसमोर बोलत नाही."

मग काशी गप्प झाली. टेप घरघरत राहिला. बाहेर कुठेतरी पोरांचा गलका चालू होता. बराच वेळ गेला आणि काशी अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं, हे तुला जाणून घ्यायचंय."

"हो."

"हं."

त्यानंतर काशी एकदाच हसली. कसलं हसू ते! दार लोटायला जावं आणि ते आतून बंद निघावं, तेव्हा माणूस हसतं तसलं. मग ती थोरलीच्या गणिताबद्दल बोलत राहिली, टेप संपेपर्यंत.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना आपलीच शिसारी आली. पोपट पाळलेला बरा, तो निदान मिठू मिठू तरी करतो.

"या अल्ला," त्या मोठ्याने म्हणाल्या, "ही माझा ओरडा ऐकायला आली होती!"

इसाकभाई बाहेरच्या खोलीतून धावत आले. "काय झाला गो?"

बाईंनी सगळं सांगितलं. इसाकभाई बंदरात माल सोडवायच्या कामाला, दिवसभर दहा जणांशी हुज्जत घालणारा माणूस, पण तेही कपाळाला हात लावून बसले. "मग आता जाऊन सांग, पोर परत आण म्हणून," ते म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून दिली, मी सांगितलं म्हणून आणली. म्हणजे पोर माझी की तिची?" बाई म्हणाल्या आणि पुन्हा रडायला लागल्या.

रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मालतीबाईंना एकटं गाठून टेप ऐकवला. 'हं'पर्यंत पोचल्यावर मालतीबाईंनीच बटण दाबून तो बंद केला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मूल दिलं?"

"दिलं. शुक्रवारी."

मालतीबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "ती म्हणाली तुमाला काय वाटतं, तेव्हा तुमच्या पोटात काय झालं?"

"गोळा आला. वाटलं, हिच्या सासूला जाऊन गदगदा हलवावं."

"मग तो गोळा टेपवर कुठं आहे?"

बाईंनी टेपरेकॉर्डरकडे बघितलं.

"चूक माझीही आहे," मालतीबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला जीभ आवरायला शिकवलं आणि तुम्ही माणूसच आवरून घेतलात. अहो, त्या गृहस्थाचंही हेच दुखणं होतं. लोक त्याचं बोलणं सोडून नुसती त्याची लकब उचलायचे, समोरच्याचं शेपूट पकडून तेच परत म्हणायचे. त्याने शेवटी त्या लकबीचं नावसुद्धा टाकलं होतं. समोरच्याला आहे तसं पत्करा, त्याच्या जागी जाऊन बघा, हे तो सांगायचाच. पण त्याबरोबर हेही सांगायचा, की तुम्ही स्वतः खोटे वागू नका. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं, असं असेल तर समोरच्याने कुणापाशी बोलायचं?"

"मग मी जाऊन काय सांगू तिला?"

मालतीबाईंनी टेप काढून त्यांच्या हातात दिला. "ते मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात त्या वेळी कुठलीच युक्ती नव्हती, त्या घाबरल्या होत्या.

बाई तिथून थेट गावठाणात गेल्या. काशीचं घर नवीन स्लॅबचं, वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. सासू एका हळदीला गेली होती, नवरा वामन कामावर. काशी मागच्या दारी सुकट निवडत बसली होती. बाईंना बघून ती पाट आणायला उठली, पण बाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"काशी, मी तुझ्याशी खोटं वागले," त्या म्हणाल्या. "तू पोर द्यायचं म्हणालीस तेव्हा मला मोठा धक्का बसला. ओरडावंसं वाटलं. तू मला विचारलंस तेव्हा सगळं ओठावर आलं होतं, आणि मी ते गिळलं. मला शहाणी समुपदेशक दिसायचं होतं. मी गप्प बसले तो होकार नव्हता गं. ती लबाडी होती."

काशी सुकट निवडत राहिली. दोन बोटं, एक काडी, दोन बोटं, एक काडी. मग तिने सूप उचललं आणि भिंतीवर आपटलं. सुकट अंगणभर झाली.

"मंग तवा का नाय वरडलात?" ती किंचाळली. "मी तुमच्याकडं आले कशाला मंग? गावात काय बाया कमी होत्या ऐकायला? रखमाच्या बापाला झाडलंत तसं माझ्या सासूला झाडाल म्हनून आले मी! आठवडाभर वाटलं, बाई आता उठतील, आता घरी येतील. आन् तुमी मना माझंच परत ऐकवत बसलात! नवरा बोलत नाय, बाप बोलत नाय, आन् तुमी पन नाय! मना वाटलं, कुनालाच वावगं वाटत नाय, म्हंजे माझंच काळीज वाकडं हाय. आईचं काळीज वाकडं, म्हनून दिली मी पोर! कललं?"

ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं बिचारीने, हे खरं. पण भांडं बघायचं काम बाईंचं होतं. बाईंनी मान वर केली नाही, डोळे पुसले नाहीत, मध्ये एक शब्द घातला नाही. आणि हे गप्प बसणं मागच्या शनिवारच्या गप्प बसण्यासारखं नव्हतं, हे काशीलाही कळत होतं. कारण बाई रडत होत्या आणि ते लपवत नव्हत्या.

काशी दमली तेव्हा तिच्याशेजारी सरकून बाई म्हणाल्या, "काशी, चल, आपण आत्ताच्या आत्ता..."

"तुमी गप बसा!" काशीने हात वर केला. "आता तुमी नका सांगू. आता मना काय वाटतं ते मना कललंय." ती उठली, चेहऱ्यावर पाणी मारलं, शेजारणीला हाक मारून मुलींवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि चालू लागली. नाक्यावर रिक्षा थांबवून मागे वळून म्हणाली, "यायचं तर या."

रिक्षा जासईच्या रस्त्याला लागली. पुढे मागे कंटेनरचे ट्रेलर, धुळीने डोळे चुरचुरत होते. बाईंना भीती वाटत होती. ओटीत घातलेलं मूल परत मागितलं, असं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. काशीला माहेर तुटेल, सासर तुटेल, आणि इतकं करून पोर मिळणार नाहीच, हेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येत होतं.

पुतळा पडवीत बसली होती. मांडीवर मनस्वी. नवा झबला, गालावर तीट, हातात नव्या मनगट्या. काशी पायरीशी उभी राहिली. पोरीने तिच्याकडे टक लावून बघितलं आणि तोंड फिरवून पुतळाच्या खांद्यात लपवलं. तीन दिवसांत! काशी मटकन पायरीवर बसली.

पुतळाची सासू आतून आली आणि काय ते समजली. "आलीस होय? आगो, भरलेली ओटी कुनी उलटी करतं काय? घरान् सत्यानाश व्हईल."

काशीने तिच्याकडे बघितलंच नाही. ती पुतळाशी बोलली, घरच्या बोलीत. "पुतळा, मी भांडाला नाय आले. आदी मना सांग. तुना पायजे काय ही?"

पुतळा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर, असा धक्का बसलेला चेहरा बाईंनी त्या दोन दिवसांत आरशातही बघितला नव्हता.

"मना कुनी इचारलाच नाय, वैनी," ती म्हणाली. "आईनं ठरवलं, ह्या सासूनं ठरवलं, आन् पोर मांडीवर आनून ठेवली. अकरा वर्सं सगळी मना सांगतात, हा उपास कर, तो डॉक्टर बग. तुना काय वाटतं, ह्या कुनी इचारलाच नाय." ती बाईंकडे वळली. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा मी काय करू."

सगळे बाईंकडे बघायला लागले. म्हातारी, काशी, आणि हळदीच्या घरचा टोप घेऊन जाता जाता थांबलेली शेजारीण. बाईंच्या जिभेवर एक नाही, दहा उत्तरं होती. कुठलंच खरं नव्हतं.

"मला ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या. "तुमच्या दोघींचं ऐकून माझ्या पोटात कालवतंय, एवढंच मला कळतंय. पण तू बोल. मी इथंच आहे."

त्या पडवीच्या कडेला बसल्या.

पुतळा पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हातारी काही बोलायला गेली, तर काशी म्हणाली, "आत्या, तिना बोलू द्या."

"पायजे," पुतळा म्हणाली. "लय पायजे, वैनी. रोज हात लावून बगते तिला, खरी हाय काय म्हनून. पन तिन्ही दिस ती दाराकडं बगून आई आई करते. मी घेतली का गप होते, खाली ठेवली का परत दाराकडं." तिचा आवाज चिरकला. "पायजे. पन अशी नको."

तिने मनस्वीला खांद्यावरून सोडवलं. पोर तिला घट्ट धरून होती, एकेक बोट सोडवावं लागलं. ती पोर तिने काशीच्या मांडीवर ठेवली. आणि मग अकरा वर्षांत कुणाला न दाखवलेलं रडणं पुतळा भर पडवीत, सासूसमोर, मोठ्याने रडली. काशीने एका हाताने पोर धरली, दुसऱ्या हाताने पुतळाला जवळ ओढलं, आणि तिला गप हो म्हटलं नाही.